जाहिरातीचा पैसा आणि वाचकाची नजर

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण लेखकांची नावे घेतो, संपादकांची घेतो, क्वचित मुद्रकाचेही घेतो. पण ज्या अंकात तो लेख छापला गेला त्याच्या कागदाचे आणि शाईचे पैसे कोणी भरले, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. वर्गणीदारांनी भरले असतील, असे आपण सोयीने धरून चालतो. वस्तुस्थिती अशी आहे की, वृत्तपत्राच्या आणि मासिकाच्या खर्चाचा मोठा भाग कोणी साबणवाल्याने, कोणी औषधवाल्याने, कोणी पेढीवाल्याने उचललेला असतो. तो गृहस्थ सरस्वतीची सेवा करण्यासाठी आलेला नसतो. त्याला आपला माल खपवायचा असतो, आणि वाचकाची नजर ज्या पानावर आहे त्या पानाच्या कोपऱ्यात आपले नाव असावे, एवढीच त्याची इच्छा असते. ती नजर गेल्या पंचवीसएक वर्षांत छापील पानावरून उठून हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर जाऊन बसली. तो गृहस्थही तिच्या मागोमाग गेला, यात नवल नाही. त्याचे तेथे काय झाले, आणि तो उठून गेल्यामुळे मागे राहिलेल्यांचे काय झाले, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

जाहिरात हा शब्द 'जाहीर' या अरबी शब्दावरून आला. जाहीर म्हणजे उघड, चारचौघांत आलेले. गावात एखादी गोष्ट जाहीर करण्याचे साधन म्हणजे दवंडी. पण दवंडी पिटली जाई ती बहुधा सरकारच्या कामासाठी. व्यापाऱ्याला तिची गरज क्वचितच पडे. आठवड्याच्या बाजारात गिऱ्हाईक त्याच्या डोळ्यांसमोर उभे असे; त्याचे नाव, त्याची मागली उधारी, त्याच्या घरचे कार्य केव्हा आहे, हे सारे दुकानदाराला ठाऊक असे. जाहिरातीची खरी गरज लागते ती घेणारा आणि विकणारा यांची दृष्टादृष्ट संपल्यावर. माल एका ठिकाणी यंत्रावर तयार होऊ लागला, १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढे लोहमार्गांचे जाळे पसरले, तेव्हा आपल्याकडे ही दृष्टादृष्ट संपू लागली. कधी न पाहिलेल्या माणसाला कधी न पाहिलेल्या माणसाने काही विकावयाचे, हा प्रकार नवा होता. त्यासाठी मध्यस्थ हवा होता, आणि तो छापखान्याने पुरवला.

या मध्यस्थीची कबुली हिंदुस्थानातल्या पहिल्या वृत्तपत्राने आपल्या नावातच दिली आहे. जेम्स ऑगस्टस हिकी याने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यास काढलेल्या 'बेंगॉल गॅझेट'च्या जोडनावात 'जनरल अ‍ॅडव्हर्टायझर' हे शब्द होते. म्हणजे बातमी आणि जाहिरात ही जुळी भावंडे होत. एकीला सोवळी आणि दुसरीला ओवळी मानण्याची पद्धत मागाहूनची. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघाले, ते लोकशिक्षणाच्या हेतूने. इंग्रजी आणि मराठी असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून त्यांनी ते आठ वर्षे चालवले. १८४० मध्ये ते बंद पडले. त्या काळी मराठी वाचणारा वर्ग लहान होता आणि त्याला काही विकावे असे वाटणारा कारखानदार जवळजवळ नव्हताच. वाचक मिळाला तरी विक्रेता नाही, अशी ती अवस्था होती. आज विक्रेते उदंड आहेत. वाचकालाच उसंत नाही.

ही अवस्था पालटली ती टपालखात्याच्या दोन सुधारणांमुळे, असे आमचे मत आहे. १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पार्सलची सोय झाली आणि १८८० मध्ये मनीऑर्डर आली. पोस्टमनने पुडके दारात आणावे आणि पैसे घेऊन जावे, एवढी साधी ही व्यवस्था. पण तिने दुकानाच्या भिंती पाडल्या. एका गावातला औषधवाला शेकडो कोसांवरच्या रोग्याला आपली बाटली विकू लागला. वृत्तपत्रांची मागली पाने शक्तिवर्धक गोळ्यांनी, केसांच्या तेलांनी आणि न बऱ्या होणाऱ्या रोगांवरील खात्रीच्या उपायांनी भरून गेली. पुष्कळशा संपादकांना या जाहिराती आवडत नसाव्यात. पण पोटापुढे आवडीनिवडीचे काय चालणार? या प्रकाराला कायद्याचा खरा लगाम बसला तो स्वातंत्र्यानंतर, १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांसंबंधीच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने. मोबाइलच्या पडद्यावर आज ज्या वजन उतरवण्याच्या आणि केस उगवण्याच्या जाहिराती दिसतात, त्या पाहिल्या म्हणजे तो कायदा सत्तर वर्षांचा झाला असला तरी रोग तरुणच आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

टपालाच्या व्यापाराने आणखी एक गोष्ट शिकवली. कोणत्या पत्रातली जाहिरात पाहून गिऱ्हाईक आले, हे ओळखण्यासाठी अमेरिकेतले आणि इंग्लंडातले व्यापारी प्रत्येक पत्रातल्या जाहिरातीत आपला पत्ता थोडा वेगळा छापीत, किंवा कापून पाठवण्याच्या चिठ्ठीवर निराळी खूण घालीत. आलेली पत्रे खुणेप्रमाणे निवडली की कोणते पत्र पैसे वसूल करून देते आणि कोणते नाही, हे कळे. क्लॉड हॉपकिन्स याने १९२३ साली 'शास्त्रीय जाहिरात' या अर्थाच्या नावाचे इंग्रजी पुस्तक लिहिले, ते याच हिशेबाच्या पायावर. आज ज्याला 'क्लिक' मोजणे म्हणतात त्याचे हे पणजोबा होत. मोजण्याची हौस मोबाइलबरोबर जन्मली, ही समजूत तेव्हा दूर सारली पाहिजे.

आता आम्ही एका मराठी उदाहरणाकडे वळतो. त्यावर जरा अधिक रेंगाळलो तर वाचकांनी क्षमा करावी. कारण विक्रेता, माध्यम आणि वाचक या तिघांचे नाते इतके स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. माल काय, तर लोखंडी नांगर. गिऱ्हाईक कोण, तर शेतकरी. आणि लोखंडाने जमीन नासते अशी त्याची समजूत. अशा गिऱ्हाइकाला 'आमचा नांगर उत्तम' असे चौकटीत छापून काय होणार? त्याची समजूत आधी पालटायला हवी, आणि समजूत पालटणे हे एका चौकटीचे काम नव्हे. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे पुढे 'शंवाकि' या नावाने सर्वश्रुत झालेले संपादक, यांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. ते मुळात कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकांना आणि अडत्यांना कळवण्याचे पत्र होते. शंकरराव चित्रकार होते, आणि गिऱ्हाईक म्हणजे केवळ नांगर घेणारा प्राणी नसून वाचणारा, विचार करणारा मनुष्य आहे, हे त्यांनी ओळखले होते. हळूहळू खबरीत उद्योगाचे, विज्ञानाचे, समाजसुधारणेचे लेख येऊ लागले. १९२९ मध्ये नावातले 'खबर' गळून पडले आणि 'किर्लोस्कर' मासिक उरले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये आले, आणि घरातल्या बायकांनी स्वतःच्या नावाने मासिक मागवण्याची सवय 'स्त्री'ने पुष्कळ घरांत लावली. नांगर विकावयास निघालेल्या कारखान्याने मराठी मध्यमवर्गाच्या डोक्याची नांगरट केली, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक होणार नाही.

आज जाहिरातशास्त्राच्या वर्गात 'कंटेंट मार्केटिंग' नावाचा विषय नवा शोध म्हणून शिकवतात. उघड विक्री करू नये, गिऱ्हाइकाला उपयोगी मजकूर द्यावा, विश्वास मिळवावा, विक्री मागून येते, हे त्याचे सार. किर्लोस्करवाडीच्या माळावर शंभर वर्षांपूर्वी हेच चालले होते. मात्र एका बाबतीत फरक आहे, आणि तो लहानसहान नाही. 'किर्लोस्कर'चा छापखाना किर्लोस्करांचा होता, आणि वर्गणीदारांच्या पत्त्यांची वहीही त्यांचीच होती. अंक कोणाकडे जातो हे त्यांना नावानिशी ठाऊक होते. मधे पोस्टमनखेरीज कोणी नव्हता, आणि पोस्टमन अंक कोणाला द्यावा, कोणाला देऊ नये हे ठरवीत नसे. आजचा कारखानदार फेसबुकावर किंवा इन्स्टाग्रामवर आपले पान काढतो, लाखभर अनुयायी जमवतो, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येते की आपला मजकूर त्यांतल्या थोडक्यांनाच दाखवला जात आहे. बाकीच्यांपर्यंत पोचायचे तर पैसे मोजावे लागतील. अनुयायांची वही त्याच्या कपाटात नसतेच. त्याने दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधलेले असते आणि भाडे ठरवण्याचा अधिकार जमीनमालकाकडे असतो. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा त्या एका मंचावर ज्यांनी आपले सारे गिऱ्हाईक जमवले होते त्यांची वही एका रात्रीत नाहीशी झाली. बंदी योग्य की अयोग्य हा प्रश्न येथे नाही. वही कोणाकडे होती एवढेच पाहावयाचे आहे.

दिवाळी अंकांची गोष्ट याहून वेगळी आणि काहीशी नाजूक आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपरा सुरू झाली, जिच्या तोडीची दुसरी प्रथा देशात विरळाच. शंभराहून अधिक वर्षे मराठी कथा, कविता आणि लेख यांचा केवढा तरी भाग या अंकांतून प्रथम छापला गेला. त्यांचा खर्च केवळ विक्रीतून भागलेला नाही. सराफ, मिठाईवाले, कापडवाले, सहकारी बँका, साखर कारखाने यांच्या पानांनी तो भागवला. या जाहिरातींपैकी कितीतरी निव्वळ व्यापारी हिशेबाने दिलेल्या नसत. संपादकाची ओळख, गावचा अभिमान, साहित्याविषयी आस्था, 'दरसाल देतो, यंदाही देऊ' अशी सवय, असे अनेक धागे त्यांत गुंतलेले असत. अर्धी जाहिरात आणि अर्धी देणगी, असा तो व्यवहार होता. कोणी त्याला बेहिशेबीपणा म्हणेल; आम्ही त्याला समाजाचा एक अलिखित कर म्हणू. मोजण्याचे युग आले की अशा जाहिरातीचे काय होते, ते पुढे दिसेलच.

मोजण्याचा मोह मात्र जुना आहे, आणि त्याला गिऱ्हाईकही बळी पडते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. सुरतेस तो दाखवावयाचा झाला तेव्हा लोक येईनात. दोन आण्यांत लांबलचक नाटक पाहायची सवय असलेल्यांना हा खेळ आखूड वाटे. तेव्हा फाळक्यांनी छायाचित्रांची संख्या सत्तावन्न हजार आणि फितीची लांबी दोन मैल अशी जाहिरात केली, आणि लोक आले. चित्रपट मैलांत मोजावयाचा नसतो हे फाळक्यांना ठाऊक नव्हते थोडेच!

विक्रेत्याच्या मोजमापाला संस्थेचे रूप आले ते १९४८ मध्ये. त्या वर्षी वृत्तपत्रांचा खप तपासणारी ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था आपल्याकडे स्थापन झाली. तिच्यात प्रकाशक, जाहिरातदार आणि जाहिरात-संस्था असे तिघेही बसत. आपल्या पत्राचा खप आपणच सांगावयाचा आणि त्यावर दर आकारावयाचा, ही मुभा यामुळे संपली. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

नभोवाणीची हकीकत थोडक्यात सांगतो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि अभिजात संगीताच्या प्रेमापोटी त्यांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा 'बिनाका गीतमाला' सुरू झाला आणि देशातले श्रोते समुद्रापलीकडे गेले. त्यांच्याबरोबर दंतमंजनाच्या जाहिरातीचा पैसाही गेला. श्रोत्यांच्या पत्रांचे गठ्ठे हेच तेव्हा मोजमाप होते. सरकारने १९५७ मध्ये विविध भारती काढली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर येथे तिच्यावर जाहिराती सुरू केल्या. म्हणजे श्रोता गेल्यावर पंधरा वर्षांनी दार उघडले. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ च्या आरंभी आल्या. रंगीत चित्र आले, मालिका आल्या, पुढे खासगी वाहिन्या आल्या. विकोची हळद आणि दंतमंजन घरोघर पोचले. या साऱ्या काळात विक्रेत्याला एवढेच कळे की अमुक लाख लोकांनी पाहिले असावे. कोणी पाहिले, आणि त्यांतल्या कोणी घेतले, हे अंधारातच होते.

हा अंधार घालवण्याचे वचन घेऊन नवे माध्यम आले. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची पहिली पट्टी-जाहिरात झळकली. पाहणाऱ्या शंभरांपैकी चव्वेचाळीस जणांनी तिच्यावर बोट दाबले, असे सांगतात. नवलाई ओसरल्यावर अशा पट्ट्यांवर शंभरांत एकसुद्धा बोट दाबीना. खरा पालट झाला तो शोधाच्या पानावर. १९९८ मध्ये बिल ग्रॉसच्या 'गोटू' या कंपनीने शब्दांचा लिलाव मांडला, आणि २००० च्या ऑक्टोबरात गूगलने साडेतीनशे जाहिरातदारांनिशी आपली 'अ‍ॅडवर्ड्स' ही व्यवस्था सुरू केली. थोड्याच काळात तेथेही लिलावाचे तत्त्व आले. मनुष्य 'पुण्याहून महाबळेश्वर गाडी' असे शब्द लिहितो, त्या क्षणी गाडीवाल्यांत बोली लागते आणि जिंकणाऱ्याचे नाव वर दिसते. बोट दाबले तरच पैसे. मनुष्य काय शोधतो आहे हे त्यानेच आपल्या हाताने लिहून दिलेले असल्यामुळे, दवंडीपासून दूरदर्शनपर्यंत कोणालाही न मिळालेली गोष्ट विक्रेत्याच्या हाती आली.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले; पण ते बराच काळ शहरातल्या थोड्या घरांपुरते राहिले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले, आणि पाणी फुटल्यासारखे झाले. त्या सुमारास देशात ब्रॉडबँडचे ग्राहक एकोणीस कोटींच्या घरात होते. २०२४ मध्ये ते नव्वद कोटींच्या वर गेले. जगात अन्यत्र हे संक्रमण आधीच झाले होते. ब्रिटनमध्ये २००९ च्या पूर्वार्धातच इंटरनेटवरील जाहिरातखर्चाने दूरचित्रवाणीला मागे टाकले. भारतात डिजिटल माध्यमांच्या एकूण उत्पन्नाने दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाला प्रथम मागे टाकले ते २०२४ मध्ये.

या पालटाचा लाभ लहान माणसाला झाला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मोठ्या दैनिकाच्या पहिल्या पानाचा दर ज्याला कधी परवडला नसता असा कोकणातला आंबा बागायतदार आज चारदोनशे रुपयांत पुण्याच्या ठरावीक वस्तीतल्या घरांपर्यंत आपले नाव पोचवतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घेतो आणि पेटी रवाना करतो. दलालाच्या तावडीतून सुटण्याची ही पहिलीच संधी त्याला मिळाली. पण तेच दार लबाडालाही उघडे आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी दुसऱ्याच मुलखातला आंबा 'देवगड हापूस' म्हणून खपवणारा मनुष्यही तेवढ्याच पैशांत, तेवढ्याच सुबक चित्रानिशी, त्याच घरांपर्यंत पोचतो. बाजारात पेटी उघडून, आंबा हुंगून पाहता येई. पडद्याला वास नसतो.

आणि आता त्या मोजमापाच्या मुद्द्याकडे. नव्या माध्यमाने सगळे मोजून देतो असे म्हटले खरे. पण मोजतो कोण? २०१६ च्या सप्टेंबरात फेसबुकाने कबूल केले की लोक चित्रफीत सरासरी किती वेळ पाहतात याचा आकडा दोन वर्षे फुगलेला होता. चूक अशी की, तीन सेकंदांच्या आत उठून गेलेल्यांना भागाकारातून वगळले होते. शाळेत अशा हिशेबाला गुरुजी शून्य देत. चूक अनवधानाची असेल. तथापि १९४८ साली खपाच्या बाबतीत जी गोष्ट आपण अमान्य केली होती, म्हणजे विकणाऱ्यानेच तराजू धरावयाचा, ती नव्या बाजारात निमूटपणे मान्य झाली होती, हे त्यातून उघड झाले. पुढे १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतल्या संघीय न्यायालयाने निर्णय दिला की, संकेतस्थळांवरील जाहिरातींच्या व्यवहारात गूगलने बेकायदा मक्तेदारी ठेवली. प्रकाशकाने जागा विकण्याचे साधन आणि जेथे बोली लागते ती पेठ, ही दोन्ही त्याच कंपनीच्या हाती. मंडईतला अडत्या शेतकऱ्याचा मुनीमही तोच असेल, तर शेतकऱ्याला भाव काय मिळणार हे सांगावयास अर्थशास्त्री नको.

मोजमाप प्रामाणिक असले तरी ते काय मोजते, हा प्रश्न राहतोच. ईबे या कंपनीने २०१२ मध्ये एक प्रयोग केला. लोक 'ईबे' हाच शब्द लिहून शोध घेत, आणि वर येणाऱ्या जाहिरातीवर बोट दाबून कंपनीकडे येत. त्या प्रत्येक बोटाचे पैसे कंपनी भरी. जाहिरात काढून टाकली. ते लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. जवळजवळ सगळेच आले. आपल्याच दुकानात येणाऱ्या माणसाला उंबऱ्यावर आणून सोडल्याबद्दल कंपनी दुसऱ्याला दलाली देत होती. हा प्रयोग करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांचा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असेही दिसले की, ज्यांना दुकान ठाऊक नव्हते अशा नव्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा परिणाम होतो. जुन्यांवर जवळजवळ नाही. दोन वर्षांनी प्रॉक्टर अँड गॅम्बल या जगातल्या अत्यंत मोठ्या जाहिरातदाराने एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींतले दहा कोटी डॉलरांहून अधिक कापले, आणि विक्रीत फरक पडलेला दिसला नाही. बोटे मोजता येतात म्हणून बोटेच मोजली. मन पालटले का, हे मोजता येत नव्हते म्हणून कोणी विचारले नाही. नांगराविषयीची समजूत पालटायला 'किर्लोस्कर खबर'ला वर्षे लागली असती तर आजच्या तक्त्यात ती पहिल्याच महिन्यात नापास ठरून बंद पडली असती.

विक्रेत्यांना आमचे सांगणे इतकेच की, मोजता येते ते मोजावे, पण अधूनमधून जाहिरात बंद करूनही पाहावी. आणि आकडा हाती देणाऱ्याचे हितसंबंध विचारावेत. त्यांच्या तरुण कारभाऱ्यांना हा सल्ला जुनाट वाटेल. वाटो बापडा.

मागे राहिलेल्यांचे काय झाले ते आता पाहू. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांचे जाहिरात-उत्पन्न २००५ मध्ये सुमारे एकोणपन्नास अब्ज डॉलर होते. २०२० मध्ये ते नऊ अब्जांच्या आसपास आले. शेकडो गावांतली पत्रे बंद पडली. आपल्याकडे पडझड तितकी झाली नाही, पण दिशा तीच आहे. वृत्तपत्रांच्या डिजिटल आवृत्त्या काढणाऱ्या संस्थांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या वर्तनाची चौकशी करण्याचा आदेश दिला. तक्रारीचा आशय साधा आहे: मजकूर आमचा, वाचक आमचा, आणि जाहिरातीचा वाटा ठरवणार तुम्ही.

मराठीपुरती यात आणखी एक गाठ आहे. संकेतस्थळावर आपोआप जाहिराती आणून देणाऱ्या गूगलच्या व्यवस्थेत भारतीय भाषांपैकी पहिली, हिंदी, २०१४ च्या डिसेंबरात आली. मराठीची पाळी त्यानंतर काही वर्षांनी आली. तोवर मराठीत लिहिणाऱ्याने कितीही वाचक जमवले तरी त्या पानाला त्या वाटेने उत्पन्न नव्हते. 'दर्पण'च्या काळी वाचक होता पण त्याला विकणारा कारखानदार नव्हता. या वेळी वाचकही होता, कारखानदारही होता, आणि मधल्या यंत्राला आपली भाषा येत नव्हती. यंत्राला ती आता येते. पण 'दरसाल देतो, यंदाही देऊ' म्हणणारा सराफ यंत्राच्या तक्त्यात बसत नाही. दुकानावर मुलगा किंवा नातू बसतो. तो दिवाळी अंकाच्या पानाने किती गिऱ्हाइके आणली हे विचारतो, आणि संपादकाजवळ उत्तर नसते. प्रश्न विचारण्यात त्याची चूक नाही. मात्र हाच प्रश्न तो मोबाइलवरच्या जाहिरातीविषयी विचारतो तेव्हा त्याला उत्तर म्हणून मिळालेला आकडा तो पारखून घेत नाही, ही आमची तक्रार आहे. ज्या पानाला आकडा नाही ते निरुपयोगी, आणि ज्याला आहे ते उपयोगी, या समजुतीने गावोगावचे कितीतरी अंक हडकले.

गेल्या काही वर्षांत वारा पुन्हा थोडा फिरू लागला आहे. २०२१ च्या एप्रिलात अ‍ॅपलने आपल्या मोबाइलवर असा नियम केला की, माणसाचा माग काढण्यापूर्वी त्याला विचारले पाहिजे. बहुतेकांनी नको म्हटले. आणि यामुळे २०२२ मध्ये आपले दहा अब्ज डॉलरांचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज फेसबुकाच्या मालक कंपनीने स्वतःच सांगितला. आपल्या संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले, आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. गिऱ्हाइकाची माहिती ठेवावयाची तर त्याची संमती घेतली पाहिजे, आणि त्याने संमती काढून घेतली तर ती माहिती सहसा पुसली पाहिजे, असा त्याचा रोख आहे. म्हणजे विक्रेत्याला आता परक्याच्या वहीवर विसंबता येणार नाही. किर्लोस्करांप्रमाणे स्वतःची वही, नाव विचारून, ठेवावी लागेल. त्यातच एक कलम असे आहे की, ही संमती मागणारा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय माणसाला दिली पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा सातारच्या किंवा लातूरच्या गिऱ्हाइकाजवळ त्याचे नाव आणि पत्ता मागताना, तो कशासाठी हवा आहे हे मुंबईच्या मोठ्या कंपनीलाही मराठीत लिहावे लागेल. आणि ते वाचून त्याने 'नको' म्हटले तर ते ऐकावे लागेल.